ओसाड गावातले पाढे

मेलेला माणूस पाढे म्हणतो का, यावर आमच्या झोपड्यांमध्ये एक अख्खी संध्याकाळ कडाक्याचा वाद झाला. म्हणतो असं ठरलं असतं तर एक जिवंत माणूस ओसाड गावात तसाच मेला असता. म्हणजे हा वाद रिकामटेकड्यांचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं बोलणं लोक निम्मं वजा करून ऐकतात, आणि या वेळी वजा केलेल्या निम्म्यात तो माणूसच जायचा.

गाव रिठदच्या अलीकडचं. नकाशावर माशी बसली तर पुरतं झाकून जाईल एवढं. मी नऊ वर्षांची असेन. त्या हिवाळ्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी उंदीर पडायला लागले. आमच्याकडचे उंदीर असे जाडजूड, की मांजरं त्यांना बाजूला होऊन वाट देत. ते उंदीर भर दुपारी ओसरीवर येऊन गिरक्या घ्यायचे आणि आडवे व्हायचे. तिसऱ्या दिवशी अख्खं गाव उठलं. दारांना कुलपं, कुलपांपुढं काटेरी बोराट्या, आणि माणसं, ढोरं, जाती, पाळणे सगळं शेतात. पऱ्हाटीच्या आणि कडब्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आमचं शेत गावाला लागून, मधे फक्त नाला. त्यामुळे आमच्या झोपडीच्या दारातून गाव समोर दिसे. पडक्या गढीचा बुरूज, तिच्या बाजूला आमच्या घराची कवेलं, मागचा निंब. कुठं धूर नाही. कुत्रं नाही. निजलेल्या माणसाची छाती हलेनाशी व्हावी तसं ते गाव दिसायचं. मी सकाळी उठले की आधी तिकडं पाहायची आणि लगेच पाठ फिरवायची.

शाळा बंद झाली. मास्तर धनजकडचे, एकटेच राहत. ते गावी निघून गेले असं सगळे म्हणाले. जऊळक्याच्या स्टेशनावर त्यांना गाडीत चढताना तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त तिघांनी सांगितलेल्या गाड्या वेगवेगळ्या होत्या. मला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. मुली शाळेत जात नव्हत्या. मास्तरांची ओळख होती ती माझ्या भावाच्या तळहातांना.

मग शिकवायला उभी राहिली माझी काकी. कारंज्याची, चौथी पास, लग्न होऊन वर्ष झालेलं. झोपड्यांतली चौदा पोरं दिवसभर मोकाट हिंडून कोणाची शेळी सोड, कोणाच्या गंजीत घूस असं करत होती. काकीनं त्यांना पकडून बसवलं. आजोबांनी परवानगी दिली खरी, पण ती कशी दिली ते ऐका. आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नसे. बोलायचं झालं तर मधे एक पोर धरायचं. ते पोर मी. काकी कडब्याच्या कुडाआडून पदर ओढून हळूच सांगायची आणि मी ते आजोबांपुढं जाऊन ओरडायची.

"आबाजी, काकी म्हणते पोरांले अक्षरं शिकवते."

"कायच्यावर शिकवते? पाटी नाई, पेन्सिल नाई."

"काकी म्हणते, पाटीबिटीची आमाले गरज नाई, अन् मास्तरापेक्षा चांगलं शिकवीन."

कुडाआडून काकीनं मला चिमटा काढला. एवढं ती बोलली नव्हती. मधल्या पोरानं पदरचं थोडं घातल्याशिवाय निरोपाला चव येत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आजोबा म्हणाले, "शिकव म्हणा. पण नाल्याच्या पल्याड पाय नाई ठेवायचा. अन् काई वंगाळ झालं, का तुमची शाळा त्याच घडीले बंद."

आमची शाळा अशी होती की आताच्या मुलांना खोटी वाटेल. राखेवर बोटानं अक्षरं. चिंचोक्यांची बेरीज, आणि चुकली तर भाजलेले चिंचोके दुसऱ्याला. अंगणात काठी रोवून तिच्या सावलीवर जेवणाची वेळ. डोळे बांधून हातात माती द्यायची आणि ती काळी, बरड की नाल्याची ते ओळखायचं. आमच्यातला एक जण चाखूनही सांगायचा आणि शेवटी त्याचा एवढा लौकिक झाला की पाच कोसांवरचे शेतकरी माती घेऊन त्याच्याकडे यायचे. बरं, पाच कोस नसतील. दोन घ्या.

सगळ्यांत मजेचे दोन खेळ होते. एक शेळीचा. शेळी कुठंतरी कडब्यात लपवायची. दोन पोरांचे डोळे बांधायचे, एकाला इथं उभं करायचं, एकाला वीस पावलं दूर. शेळी ओरडली की दोघांनी आवाजाच्या दिशेला ज्वारीचं वाळलं धांड धरायचं आणि तसंच जमिनीवर ठेवायचं. मग धांडाच्या नाकासमोर सुतळी ताणत जायचं. दोन सुतळ्या जिथं एकमेकींना छेदतील तिथं शेळी. कधी चुकलं नाही.

दुसरा खेळ गढीचा. नाल्याच्या अल्याड काठावर रांगेनं उभं राहून आम्ही एकदम पाढा म्हणायचो आणि बुरूज तो परत फेकायचा. परतीचा आवाज किती टाळ्यांनी येतो ते मोजायचं. चार पावलं मागं सरलो की तो उशिरा येतो, पुढं गेलो की लवकर. काकी म्हणायची, "आवाजाले बी चालावं लागते. त्याले बी वाट हाय."

एका दुपारी, काठीची सावली सगळ्यात आखूड झालेली असताना, आम्ही बेचा पाढा संपवला. "बे दाही वीस!" बुरजानं एका टाळीत परत दिलं, "वीस." आम्ही गप्प झालो. तीन टाळ्या गेल्या असतील. मग गावातून आवाज आला.

"तीन एके तीन."

जाड, दबलेला, रांजणात तोंड घालून बोलावं तसा. वाऱ्याचं पान हलत नव्हतं. समोर सगळी घरं कुलपात. कोणी हललं नाही. आमच्यातल्या सगळ्यात लहानग्याला वाटलं आपलाच नंबर, तो बिचारा म्हणाला, "तीन दुणे सहा." आणि गाव म्हणालं, "तीन त्रिक नऊ."

तिथून झोपड्यांपर्यंत आम्ही कसे आलो ते मला सांगता येणार नाही. माझे पाय माझ्याआधी पोचले.

झोपड्यांत आधीच भीती शिरलेली होती. आदल्या दिवशी एक जण गावाच्या बाजूनं बैलगाडी घेऊन येत होता. त्याला गावातून त्याच्या नावानं हाक आली. आमच्याकडे जुनी समज आहे: हाक तीनदा आल्याशिवाय ओ द्यायचा नाही. माणूस तीनदा बोलावतो, दुसरं जे काही असतं ते एकदाच, आणि ओ दिला की ते मागं लागतं. तिसऱ्या हाकेची वाट पाहायला हा गडी थांबला नाही. गाडी टाकून पळाला. बैल आपापले घरी आले, पण तो बैलांच्या आधी आला. संध्याकाळी लाकडं आणायला गेलेल्या दुसऱ्यालाही तसंच, त्याच्या नावानं. दोघं कांबळं पांघरून पडले होते. दोघांच्या बायका रडत होत्या, कारण गाव नावं घेऊन माणसं बोलावून राह्यलं होतं.

आमची बातमी ऐकून म्हातारी माणसं जमली.

"त्या पोट्ट्याइच्या बोंबलण्यानं जागं झालं ते."

"पाढे कायले म्हणन भूत? भुताले काय हिशोब मांडायचा हाय?"

"शिकलेलं असन बाप्पा. भूत का अडाणीच असते?"

आजोबा सगळ्यांच्या मधे बसले होते. इतर वेळी आवाजानं झोपडी हलवणारा माणूस, त्या दिवशी चिलीम भरून न ओढता हातात धरून बसला होता. सगळ्यांचं झाल्यावर एवढंच म्हणाले, "शाळा बंद. नाल्यावर कोणी फिरकायचं नाई. चाळीस माणसं घेऊन इथं बसलो म्या. एक जण तिकडं गेला अन् ताप घेऊन आला तर?"

काकी कुडाआड होती. ती मला म्हणाली, "सांग तुया आबाजीले. तो माणूस असन तर? पानी नाई, भाकर नाई, किती टिकन?"

मी जाऊन सांगितलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माणूस असता तर घरी आला असता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी उठली, भाकरी थापल्या, सगळ्यांची जेवणं आटोपली, आणि डोक्यावर घागर घेऊन, माझा आणि भावाचा हात धरून पाणी आणायला निघाली. विहीर उजवीकडे होती. आम्ही डावीकडे, नाल्यावर गेलो. सून म्हणून केलेला तिचा तो पहिला गुन्हा.

तिनं भावाला एका बाभळीखाली उभं केलं, मला तीस पावलं अलीकडे. डोळ्यांवर फडकी बांधली. हातात धांडं दिली. आणि स्वतः म्हणाली, "चार एके चार."

बुरूज म्हणाला, चार. मग काहीच नाही. डोळे बांधलेले असले की शांतता कानात पाण्यासारखी भरते. मला वाटलं, कोणीतरी नाला ओलांडून माझ्या धांडाचं दुसरं टोक धरलं आहे. मी ते सोडणार तेवढ्यात आवाज आला. कालच्यापेक्षा पुष्कळ बारीक.

"चार दुणे आठ."

"ठेव खाली," काकी म्हणाली.

सुतळी ताणून नाला ओलांडायची तर परवानगी नव्हती. काकीनं धांडांच्या मागं बसून एक डोळा मिटून पाहिलं. आधी माझ्या, मग भावाच्या. दोन्ही धांडं एकाच झाडाकडे बोट दाखवत होती. आमच्या घराच्या मागच्या निंबाकडे.

तेवढ्यात मागून आजोबांचा आवाज. सोबत चार-पाच माणसं. कोणीतरी चुगली केली होती.

"हे काय चालू हाय?"

मी फडकं काढलं. काकीनं पदर ओढला आणि मला बोलायला काही सांगणार, तोवर मीच सुरू झाले. "आबाजी, शेळीसारखंच केलं. आवाज आपल्या घरातून येऊन राह्यला. आपल्या निंबापासून."

ज्वारीच्या त्या दोन वाळक्या काड्या पाहून आजोबांचं तोंड राखेच्या रंगाचं झालं. "आपल्या घरी कोणी नाई," म्हणाले. "चाला."

"माणूस हाय का ते इचारू तरी," मी म्हणाले.

"काय इचारशीन? नाव सांगन, अन् तुयाच नावानं बोलावन."

खरं सांगते, मला शूरपणा करायचा नव्हता. मला पाढ्यांपलीकडे काही सुचेना, आणि भीतीनं जो पाढा तोंडात आला तो माझा कायमचा वैरी. मी गावाकडे तोंड करून ओरडले, "सात आठे चोपन!"

बुरूज म्हणाला, चोपन. आम्ही थांबलो. एक कावळासुद्धा नव्हता. मग जमिनीतून निघावा तसा, संतापानं चिरकलेला आवाज आला:

"छप्पन! गाढवा! हात पुढं कर!"

बायामाणसं असती तर किंचाळली असती. ही पुरुषमाणसं होती म्हणून आजोबा सोडून सगळी नुसती मागं पळाली. ओसाड गाव हात मागतंय म्हटल्यावर कोण थांबतो? पण मी भावाकडे पाहत होते. तो पळाला नव्हता. त्याचे पाय जागच्या जागी होते, आणि दोन्ही हात आपोआप पाठीमागं जाऊन सदऱ्याखाली लपले होते.

"मास्तर!" तो म्हणाला. "मास्तर हायेत ते!"

आणि त्या क्षणी काकी, जिनं वर्षभरात सासऱ्यापुढं खोकलासुद्धा काढला नव्हता, वळून आजोबांना सरळ म्हणाली, "मामंजी, निंबाखाली आपलं पेव हाय ना?"

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, दोन पुरुष खोल. गाव सोडताना आम्ही त्यातून धान्य उपसून आणलं होतं. तोंडावर फरशी टाकायची असते. घाईत कडब्याच्या पेंढ्या टाकल्या होत्या.

आजोबा वळले, विहिरीवर गेले, मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, सोडून खांद्यावर टाकला, आणि नाल्यात उतरले. त्यांच्यामागं काकी. तिच्यामागं आम्ही, कारण आम्हाला कोणी थांबवलं नाही.

त्या गावातून चालल्याचं मला अजून आठवतं. आमच्याच गल्लीत आमच्याच पावलांचा आवाज दुसऱ्याच्या पावलांसारखा येत होता. एका ओसरीवर पोळपाट तसाच, त्यावर लाटलेली, वाळून कडक झालेली पोळी. बोराट्या सरकवून आम्ही परसात गेलो. निंबाखाली पेंढ्यांच्या मधोमध एक काळं भोक.

आजोबा भोकाशी गुडघे टेकून बसले. दोर खाली सोडला. दोराला काही ओढ लागेना. शेवटी आजोबांनी दोर काकीच्या आणि भावाच्या हातात दिला, त्याला निंबाचा वेढा घातला, आणि सत्तरीचा तो माणूस स्वतः खाली उतरला. बराच वेळ काही ऐकू येईना. मग दोर हलला. आम्ही तिघांनी ओढलं. आता इथं मी दहा बैलांची ताकद लावली असं सांगत असते, पण खरं म्हणजे मी रडत होते आणि दोर नुसता धरून होते.

मास्तर बाहेर आले ते ज्वारीच्या धुळीनं पांढरे झालेले. एक पाय वाकडा. मागून दोर धरून आजोबा आले. डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले तर दाखवायला हवं म्हणून शाळेचं दप्तर न्यायला ते परत आले होते, आणि जवळची वाट म्हणून आमच्या परसातून निघाले. ते कोणत्याच गाडीत बसले नव्हते; गेले पायी, आले पायी. दोन दिवस आणि दोन रात्री ते खाली होते. फडकं ओलं करून काकीनं त्यांच्या ओठांना लावलं. पहिलं वाक्य ते बोलले ते असं: "बैलाच्या घुंगरावरून, खोकल्यावरून ओळखून नाव घेतलं का पळतेत लेकाचे. तिसऱ्या हाकेपर्यंत कोणी थांबतच नाई. पोरांचे पाढे आयकू आले, म्हटलं, पाढ्याले तरी कोणी भेणार नाई."

"सगळे भेलो," मी म्हणाले.

त्यांना शेताच्या टोकाला वेगळी झोपडी घालून दिली. आजोबांनाही. गावात आम्हीही शिरलो होतो, पण पेवात उतरलेले ते दोघंच, म्हणून. नऊ दिवस काकी बांधावर भाकरी ठेवून मागं सरायची. दोघांनाही ताप आला नाही. आमची शाळा दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि बंद करा असं कोणी म्हणालं नाही. मास्तर तिकडून पाय बांधलेला तसा बसून ऐकायचे आणि चूक झाली की ओरडायचे.

होळीच्या सुमाराला गाव परत घरात गेलं. दारं उघडली, सारवणं झाली, उंदरांची बिळं बुजवली. आजोबा एक दिवस मला म्हणाले, "चाल, तुले वाचता येते ना?" परसात नेलं. पेव बुजवायचं ठरलं होतं. मातीचा ढीग शेजारी पडलेला. पण त्याआधी, ते म्हणाले, आत भिंतीले मास्तरानं काई खरडून ठेवलं हाय, उतरलो तवा हाताले लागलं. ते काय हाय ते सांग.

त्यांनी आधी दोराला दिवा बांधून खाली सोडला. विझला नाही. मग मला टोपल्यात बसवून सोडलं.

पेवाच्या आत भर उन्हातही थंडी असते. वर चंद्राएवढं आभाळ, त्यात आजोबांचं काळं डोकं. शेणामातीनं लिंपलेल्या भिंतीवर नखानं किंवा खापरीनं कोरलेल्या ओळी होत्या. माणूस बसून हात पोचवेल तिथपासून वर. मी दिवा जवळ धरला. ती नावं होती. गावातल्या माणसांची. प्रत्येक नावापुढं उभ्या रेघा, जेवढ्या हाका मारल्या तेवढ्या. मास्तरच ते, खड्ड्यात पडूनही हजेरी घेतली.

"वाच," वरून आवाज आला.

मी वाचायला लागले. गाडीवाल्याचं नाव, एक रेघ. लाकडंवाल्याचं नाव, दोन. आणखी कोणकोणाची, ज्यांनी हाक ऐकली की नाही ते कधी सांगितलं नाही. एकेक नाव वर जायचं, आणि गोल भिंतीवर आदळून माझाच आवाज मला अनोळखी वाटायचा. तोच रांजणातला आवाज. मी थांबले.

शेवटचं नाव सगळ्यात खोल कोरलं होतं. त्यापुढच्या रेघा मोजायला मला दोन्ही हातांची बोटं लागली. आमच्या घरात ते नाव कोणी तोंडानं घेत नसे. आजी गेली तीसुद्धा ते न घेता. मीही कधी उच्चारलं नव्हतं.

"झालं?" आजोबांनी विचारलं.

खोटं बोलायला ती सुरेख जागा होती. मी आयुष्यभर कमी कारणांसाठी जास्त खोटं बोलले आहे. पण तिथं खाली जीभ वळेना. मी दिवा वर धरला आणि आजोबांचं नाव, आडनावासकट, जसं कोरलं होतं तसं वाचलं.

आभाळात त्यांचं डोकं हललं नाही. त्या दिवशीची ती भरून न ओढलेली चिलीम मला आठवली. टोपल्याचा दोर माझ्या मांडीशी सैल पडला. मी वर पाहत राहिले, आणि आता मला इथंच ठेवून माती लोटतात की काय, असं खरंच माझ्या मनात आलं.

मग वरून, हळू, कोणी दारात उभ्या माणसाला द्यावा तसा, ते म्हणाले, "ओ."

दोर ताणला गेला. मी वर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ केलेली होती. फावडं घेतलं, बाजूला ठेवलं, धोतराचा सोगा खोचला, आणि ती एवढी माती ते ओंजळीनं लोटायला लागले. दुपार झाली, काकी जेवायला बोलवायला आली, तरी खड्ड्याचा तळसुद्धा झाकला नव्हता. तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला, आणि फावडं उचललं.